चिमटेबाई आणि दोन नंबरचा गाळ

तळ्याकाठच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं गाळ तोलणाऱ्या बाईंना त्यांच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. पाकिटावर नुसतं ‘चिमटेबाई’ लिहिलं तरी पोस्टमन पत्र बरोबर आणून टाकी. नाव पडायचं कारण साधं होतं. वाळलेल्या गाळाचा कागद बोटाने उचलायचा नाही, चिमट्याने उचलायचा. बोटाचं तेल लागलं की वजन वाढतं, असा प्रयोगशाळेचा नियम. बाईंनी तो असा अंगी बाणवला होता, की घरीसुद्धा नवऱ्याच्या सदऱ्यावर केस दिसला तर त्या तो चिमट्याने उचलत आणि उजेडाकडे धरून निरखत. नवऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर केस उरलेच नव्हते. त्यामुळे ही तपासणी चालू असताना तो उगाच खिडकीबाहेर बघत राही.

बाईंचं काम ऐकायला सोपं. तळ्यात तीन ठिकाणी पाण्यावर एकेक बंद डबा तरंगत असे आणि त्याच्याखाली दोरीला दोन लांब नळ्या लोंबत. तोंड वर, बूड बंद. पाण्यातून जे काही हळूहळू खाली बसायला निघे, त्यातलं थोडं या नळ्यांत अडके. दर दुसऱ्या सोमवारी नावाडी जाऊन नळ्या वर ओढी, आतलं पाणी बाटल्यांत भरून आणी. बाई ते कागदातून गाळत, कागद भट्टीत वाळवत, झाकणाच्या कोरड्या बरणीत गार करत आणि काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोलत. ग्रॅमचा दहा हजारावा भाग दाखवणारा काटा तो. तोलताना कुणी शिंकलं तर बाई पुन्हा पहिल्यापासून तोलत, आणि शिंकणाऱ्याकडे असं बघत की त्याची सर्दी जागच्या जागी बरी होई.

“चिखल तोलून तुम्हाला मिळतं तरी काय हो?” असं लोक विचारत. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं.

“तळं खातं,” त्या म्हणत. “शेतातलं खत, गटाराचं पाणी, साबणाचा फेस, जे येईल ते खातं. त्यात फॉस्फरस असतो, नायट्रोजन असतो. त्यावर शेवाळ माजतं. मग ते मरतं आणि कण कण होऊन खाली बसतं. वरून जितकं जास्त खाणं, तितका खाली जास्त गाळ. माणूस काय खाल्लं ते लपवील, तळ्याला नाही लपवता येत.”

“पण खाली बसलं म्हणजे मिटलं ना?”

“कसलं मिटतंय! तळाशी हवा संपली की तोच गाळ गिळलेला फॉस्फरस परत वर सोडतो.”

“म्हणजे तळं ढेकर देतं म्हणा की.”

“ढेकरच. आणि त्या ढेकरावर पुन्हा शेवाळ पोसतं.”

एवढं ऐकल्यावर माणूस चहाचा कप अर्धा ठेवून उठे.

इतकं सगळं तळ्याविषयी सांगणाऱ्या या बाई सव्वीस वर्षांत एकदाही होडीत बसल्या नव्हत्या, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. पाणी बाटलीत असलं की त्यांची त्याच्याशी गट्टी. पायाखाली आलं की वैर. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्या धक्क्यापर्यंत गेल्या, होडी हलताना पाहिली आणि “तुम्हीच आणा बाटल्या” असं नावाड्याला सांगून परत फिरल्या, त्या फिरल्याच. नावाड्याने हे गुपित पोटात ठेवलं होतं. त्याने ते फक्त आपल्या बायकोला, मेहुण्याला आणि चहाच्या टपरीवर सांगितलं होतं.

आता यांच्या नणंदबाई. थोरल्या, म्हणजे बाईंच्या वन्सं. तळ्याच्या काठावर, बरोबर दोन नंबरच्या डब्यासमोर, त्यांची लाँड्री होती. कपडे धुवायला, पिळायला, इस्त्रीला मिळून अकरा बायका, आणि गिऱ्हाइकांच्या पावत्या फाडायला काउंटरवर चिमटेबाईंचा नवरा. वन्संनी धाकट्या भावाला आधी अंगाखांद्यावर खेळवलं आणि पुढे काउंटरवर बसवलं. मधल्या काळात त्याचं लग्न झालं होतं, ते त्या मनावर घेत नसत. धुण्याचं पाणी दोन हौदांतून फिरून पाइपाने तळ्यात जाई. “आमच्याकडे कपडे स्वच्छ होतात आणि आमच्या भावजयीकडे चिखल वाळतो,” असं वन्सं गिऱ्हाइकांना सांगत. सव्वीस वर्षं गिऱ्हाइकं त्यावर हसत होती, कारण कपडे अजून आत होते.

आणि एका सोमवारी दोन नंबरचा गाळ दुपटीवर गेला.

बाईंनी कागद तीनदा तोलला. काटा तपासला. पंखा बंद केला, श्वाससुद्धा बेताने घेतला. पण आकडा हलेना. एक नंबर आणि तीन नंबर नेहमीसारखे. दोन नंबरला अडीचपट गाळ. त्यात एरवीच्या तपकिरी मऊ गाळाबरोबर पांढरे-पांढरे कण. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. फॉस्फरस तपासला तर तोही भरमसाट.

प्रयोगशाळेत नुकतेच नवे साहेब आले होते. वय लहान, टाय लांब. त्यांनी कागदावरचे पांढरे कण बोटावर घेतले, चुरगाळले, नाकाशी नेले आणि डोळे मिटून म्हणाले, “साबण! लिंबाचा वासही येतोय.”

“साहेब, बोट लावू नका, वजन…”

“तोललंय ना आता? मग झालं. दोन नंबरसमोर काय आहे?”

“लाँड्री,” बाई म्हणाल्या. कुणाची ते साहेबांनी विचारलं नाही, आणि बाईंनीही आपणहून सांगितलं नाही.

नियम असा होता, की नेहमीच्या दुपटीहून जास्त गाळ सलग तीन वेळा निघाला, तर त्या काठावरचा पाइप नगरपालिका बंद करी. दोन वेळा तर झालंच होतं. साहेबांनी त्याच दिवशी नगरपालिकेला पत्र धाडलं आणि त्याची नक्कल लाँड्रीला.

रविवारी वन्सं घरी आल्या त्या बिस्किटांचा मोठा डबा घेऊन. या घरात रिकाम्या हाताने येऊन भरल्या हाताने जायचा त्यांचा रिवाज. त्यामुळे डबा दिसताच नवऱ्याने धोका ओळखला आणि पेपर तोंडापुढे धरला.

“ये गं, बस माझ्याजवळ,” वन्सं म्हणाल्या. “किती वाळलीस!”

“परवा तर म्हणालात, सुटलेय म्हणून.”

“ते प्रेमाने म्हटलं होतं.”

“आणि हे?”

“हे कामाने.” वन्संनी पत्र काढून मांडीवर आपटलं. “पुढच्या खेपेला गाळ जास्त निघाला की माझा पाइप बंद. मग धुण्याचं पाणी सोडू कुठे, डोक्यावर? अकरा बायका आहेत माझ्याकडे. आणि बारावा हा.”

पेपरामागचा नवरा आणखी लहान झाला.

“वन्सं, मी फक्त तोलते.”

“तेच तर म्हणते मी! तोलणारी तूच ना? मग जरा कमी तोल.”

“कमी कसं तोलणार? काटा दाखवील ते लिहायचं.”

“काटा काय आपल्या नात्यातला आहे? थोडं बेसिनमध्ये सांडलं म्हणून लिही. माणसाच्या हातून सांडतं एखाद्या वेळी.”

“माझ्या हातून नाही सांडत.”

“मग सांडायला शीक! एवढी हुशार म्हणवतेस!”

चिमटेबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, तुम्ही बोला ना काहीतरी.”

पेपरामागून आवाज आला, “उद्या हवा ढगाळ राहील म्हणतायत.”

वन्सं उठल्या. दारापर्यंत गेल्या, परत आल्या, डबा उघडला, दोन बिस्किटं काढून बशीत ठेवली आणि डबा काखेत मारून चालत्या झाल्या.

बाईंनी बिस्किटाला हात लावला नाही. त्यांना राग वन्संचा आला नव्हता. एवढं मागणं त्यांच्या हिशेबी माफकच होतं. त्यांना खुपत होतं ते निराळंच. लाँड्री बंद पडली असती तर ती आपल्या आकड्याने, आणि तो आकडा आपल्यालाच पटत नव्हता. काटा खरा होता, पण गाळाची गोष्ट जुळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघरात गेला, तर बायको आत स्टुलावर बसलेली, समोर पाण्याने भरलेली काचेची बरणी आणि हातात घड्याळ.

“हे काय?”

“तुमच्या लाँड्रीतली पावडर आहे. मूठभर घातलीय.”

“मग?”

“मग बघतेय, खाली बसते का.”

नवराही टॉवेलसकट बघत उभा राहिला. पाऊण तासाने पाणी थोडं गढूळ होतं, पण बरणीच्या बुडाशी चिमूटभरसुद्धा काही जमलं नव्हतं.

“विरघळली,” बाई म्हणाल्या. “साबण तो साबणच. पांढरा खडा होऊन तळाशी बसायला काय वाळू आहे?”

“म्हणजे ताई सुटली?”

“इतक्यात नाही. साबण स्वतः बसत नाही, पण शेवाळाला पोसतो, आणि शेवाळ बसतं. पण मग पाणी आधी हिरवं व्हायला हवं की नको?”

“हवं,” नवरा म्हणाला. आंघोळीला जायचं असेल तर हो म्हणावं, एवढं त्याला लग्नाने शिकवलं होतं.

बाई तशाच प्रयोगशाळेत गेल्या. तळ्याचं नुसतं पाणी गाळलेले कागद त्या जपून ठेवत. त्यावर शेवाळाचा हिरवा थर राहतो, त्यावरून पाण्यात किती शेवाळ आहे ते समजतं. दोन महिन्यांचे कागद त्यांनी ओळीने मांडले. दोन नंबरचा हिरवा रंग एक नंबरपेक्षा एखादी छटा जास्त, बस्स. एवढ्याशा शेवाळातून अडीचपट गाळ पडणं म्हणजे दोन माणसांच्या घरातून पन्नास खरकटी ताटं बाहेर येण्यासारखं. तिथे कुणीतरी परस्पर येऊन जेवत होतं.

कोण, ते बाटलीत दिसणार नव्हतं.

तिसऱ्या खेपेचा सोमवार उजाडला. नावाडी दोरी सोडत होता, इतक्यात पर्स पोटाशी घट्ट धरून चिमटेबाई धक्क्यावर उभ्या.

“काय हो ताई, बाटल्या विसरलो की काय?”

“मीही येतेय.”

नावाड्याने तोंडातली विडी हातात घेतली. “होडीत?”

“नाही, बैलगाडीत. सरका तिकडे!”

त्या बसल्या आणि डोळे गच्च मिटून घेतले. दोन्ही हातांनी त्यांनी फळकूट धरलं. बऱ्याच वेळाने क्षीण आवाजात विचारलं, “आलं का हो दोन नंबर?”

“ताई, मी अजून दोरी सोडतोय.”

एक नंबर गेला तो बाईंनी पाहिलाच नाही. दोन नंबरपाशी वल्हं थांबलं तसा त्यांनी एक डोळा उघडला आणि मग दुसराही. डबा तिथे नव्हताच. त्याच्या जागी चांगली लांबरुंद लाकडी फळी तरंगत होती आणि तीवर तीन पाणकावळे, लाँड्रीत वाळत घातल्यासारखे पंख पसरून, निवांत बसले होते.

“हे कोण?”

“पाहुणे. रोजचे आहेत.”

“आणि ही फळी?”

“जुना डबा फुटला ना मागे, कुणाच्या तरी होडीची धडक बसून. मग ही बसवली. गोल डब्यावरून पाय घसरायचे बिचाऱ्यांचे. आता कसे ऐसपैस बसतात बघा! मासे खातात, इथे येऊन उन्हाला बसतात, आणि…”

फळी मूळची कुठल्या रंगाची होती हे सांगणं अवघड होतं. आता ती पांढरी होती.

“दादा, हे पांढरं…”

“आता सकाळी सकाळी तुम्हाला काय तोंडाने सांगू, ताई.”

बाईंना होडी हलतेय याचा विसर पडला. त्या काही बोलणार तोच नावाड्याने पाखरांना हुसकलं, तांब्या काढला, ब्रश काढला आणि फळी खसाखसा घासायला लागला.

“अहो, काय करताय?”

“धुतोय. तुमचाच हुकूम! फुटका डबा दाखवायला आणला, तर त्याला चिखल होता म्हणून किती झापलंत मला. वरचं सामान लख्ख धुतल्याशिवाय नळ्या ओढायच्या नाहीत, म्हणालात. तेव्हापासून आधी हे धुतो, मगच नळ्या वर घेतो. विचारा कुणालाही.”

त्याने फळीवर तांब्याभर पाणी ओतलं. फळीवरून पांढरा ढग सुटला आणि स्वच्छ पाण्यातून हळूहळू, कसलीही घाई नसल्यासारखा, खालच्या नळ्यांच्या उघड्या तोंडांत उतरत गेला. सव्वीस वर्षांत बाईंनी गाळ बसताना पहिल्यांदा पाहिला, तो असा.

“दादा! मला सांगितलं का नाहीत तुम्ही?”

“काय सांगायचं?”

“पाखरांचं!”

“तुम्ही पाखरांचं कुठे विचारता? वहीत पाखरांचा रकाना आहे का?”

रकाना नव्हता. बाईंनी कपाळाला हात लावला. “आणि फळी तरी कुठून पैदा केलीत?”

“तुमच्या वन्संनी दिली की. इस्त्रीचं जुनं टेबल मोडलं होतं. म्हणाल्या, घेऊन जा रे बाबा, अडगळ नुसती.”

चिमटेबाईंना आधी हुंदका आला असं नावाड्याला वाटलं. पण ते हसू होतं. होडी डुचमळायला लागली, तशी नावाड्यानेच कड घट्ट धरली. पुढे टपरीवर सांगताना मात्र त्याने घाबरलेलं माणूस बदललं.

हसू ओसरल्यावर खरा पेच समोर आला. आजच्या नळ्या तर भरलेल्याच होत्या. हे पाणी नेऊन तोललं की तिसरा आकडा तयार, आणि लाँड्रीचा पाइप बंद.

“सांडलं म्हणून लिहा,” नावाडी म्हणाला. “मी साक्षीला आहे.”

बाईंनी विचार केला. त्यांच्या वहीत सव्वीस वर्षांत एक खाडाखोड नव्हती. सांडलं म्हणून लिहिलं तर वन्संचा पाइप पंधरा दिवस तरी वाचला असता, पण साबणाचा आळ तसाच राहिला असता, आणि न सांडता सांडल्याचा डाग वर लागला असता. खरं लिहिलं तर डाग त्याहून मोठा आणि वासाचाही. महिनाभर आपण पाणकावळ्यांची विष्ठा दहा हजाराव्या भागापर्यंत अचूक तोलली, आणि ती नळ्यांत धुऊन उतरवायचा हुकूमही आपलाच, हे स्वतःच्या अक्षरात लिहायचं. काय करायचं ते ठरेपर्यंत होडी धक्क्याला लागली.

साहेब अहवालाच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव मध्यभागी येतंय का ते बघत होते.

“साहेब, दोन नंबरचा तो गाळ नाही.”

“मग? साबणच ना?”

“पाणकावळ्यांची विष्ठा आहे.”

साहेबांनी उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिलं. मग ते उठले, बेसिनकडे गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. परत आले तेव्हा टायची गाठ सैल झाली होती.

“असं करू,” ते म्हणाले, “वहीत लिहा, ‘काही जैविक अडथळ्यामुळे…’”

“लिहिलंय मी.”

साहेबांनी वही ओढली. बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: मागच्या दोन्ही नोंदी रद्द. फळीवरची पाणकावळ्यांची विष्ठा माझ्या सूचनेनुसार धुतली जाऊन नळ्यांत उतरत होती. मी जागा कधी पाहिली नव्हती. आजचं पाणी तोललेलं नाही.

“इतकं सविस्तर?”

“तुमच्या लिंबाच्या वासाचं नाही लिहिलं.”

साहेबांनी लगेच सही केली आणि नगरपालिकेला दुसरं पत्र धाडलं: फळी काढून पंधरा दिवसांनी येणारा आकडाच धरावा.

बातमी तळ्याच्या चारी काठांना त्याच दिवशी पोचली. चिमटेबाई रस्त्याने निघाल्या की लोक आभाळाकडे बघून छत्री उघडत. लाँड्रीत तर जत्राच. “माझ्या साबणावर आळ घेतला, आणि निघालं काय, तर पाखराचं हे!” असं म्हणून वन्सं हाताने नेमकं काय ते दाखवत. फळी कुणी दिली, तो भाग सांगायला त्यांना वेळ पुरत नसे.

त्या पंधरा दिवसांत मात्र वन्संची झोप उडाली होती. काउंटरवरून भावाला त्या रोज विचारत, “काही बोलली का रे ती?” आणि तो म्हणे, “बोलली. मीठ कमी झालंय म्हणाली.” आळ गेला तरी आकडा यायचाच होता.

सोमवारी बाई पुन्हा होडीतून गेल्या, या वेळी एक डोळा उघडा ठेवून. दोन नंबरला पुन्हा गोल डबा होता आणि पाणकावळे दूरच्या खांबावर रुसून बसले होते. बाईंनी पाणी आणलं, गाळलं, वाळवलं, गार केलं, तोललं. मग वही बंद करून, चप्पल घालून, त्या स्वतः लाँड्रीत गेल्या. अकराही बायकांचे हात थांबले.

“दुपटीच्या खूप खाली आहे,” बाई म्हणाल्या. “पाइप चालू राहील.”

वन्संनी खुर्चीत अंग टाकलं. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. नवऱ्याने आनंदाच्या भरात एकाच गिऱ्हाइकाच्या दोन पावत्या फाडल्या.

“तरी मी म्हणत होते!” वन्संना लगेच कंठ फुटला. “आमचं पाणी म्हणजे…”

“पण एक नंबरपेक्षा चौथा हिस्सा जास्त आहे.”

“असू दे की. पाखरांचा असेल.”

“पाखरं आता खांबावर असतात. हा चौथा हिस्सा तुमचा. पाणीही तिथे जरासं हिरवं आहे. आज चौथा, उद्या अर्धा. तुमच्या पावडरीत फॉस्फरस आहे. बिनफॉस्फरसची आणा, हौदही उपसा, म्हणजे पत्र यायचं नाही.”

“बघितलंस?” वन्सं भावाला म्हणाल्या. “वाचवलं आणि लगेच वसुलीला आली.”

आठवडाभर त्या भावजयीशी बोलल्या नाहीत. मग एका दुपारी, प्रयोगशाळेच्या खिडकीशी नमुने देणाऱ्यांच्या रांगेत, वन्सं चार वेगवेगळ्या पावडरींच्या पुड्या घेऊन उभ्या दिसल्या. पुढे दोन शेतकरी होते, एक विहीरवाला होता. वन्संनी त्यांना ओलांडून खिडकीत मान घातली.

“अगं, यातली कुठली चालेल ते पटकन सांग. एवढ्या उन्हात उभी आहे.”

“रांगेत या, वन्सं. आधी अर्ज भरायचा.”

“मला अर्ज? मी घरची ना गं?”

चिमटेबाईंनी खिडकीतून अर्ज पुढे केला, चिमट्यात धरून.

“घरी घरच्या. इथे नमुना क्रमांक चार.”